काकासाहेबांच्या खालची कोरी जागा

४ जानेवारी १९८८, सोमवार. जालना

ही वही ______ हिची. आईचं नाव ______, वडील कडूबा. न विचारता वाचणाऱ्याला माझ्या हातचा चहा मिळणार नाही, आणि माझा चहा चांगला असतो.

आज औरंगाबादहून सकाळच्या गाडीने येऊन जालन्यात मस्तगडच्या स्टँडवर उतरले. सामान म्हणजे एक पेटी, एक वळकटी आणि कापडात बांधलेल्या आईच्या सात वह्या. पेटी टपावर टाकली, वह्या मांडीवर घेतल्या. शेजारच्या बाईने विचारलं, पोर आजारी हाये काय, लईच गुंडाळून धरलंय. मी हो म्हणून टाकलं. खरं सांगत बसले असते तर बदनापूर मागे गेलं असतं.

खोली द्वारकाबाईंकडे, माडीवर. खिडकीतून समोरच्या दुकानाचे पत्रे आणि त्यावर वाळत टाकलेल्या मिरच्या दिसतात. द्वारकाबाईंनी पहिल्याच भेटीत माझं लग्न, जात, पगार आणि जेवणाची वेळ विचारून घेतली. मी तीन प्रश्नांची उत्तरं दिली आणि पगाराचं लपवलं. जयभीमवाले आहोत म्हटल्यावर त्या क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या की पाणी सकाळी सहाला येतं, हंडा तयार ठेव. आमचं जमेल असं वाटतं.

छापखाना गल्लीच्या टोकाला. मालक अप्पाराव, साठीचे, शांत, बोलताना शब्द मोजून बाहेर काढणारे. मशीन चालवायला तातेराव, तीस वर्षं त्याच ट्रेडलवर पाय मारून त्यांचा उजवा पाय डाव्यापेक्षा जाड झाला आहे, असं ते स्वतःच सांगतात. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला बाई आली म्हणून तातेरावांनी परीक्षा घेतली. जुळवलेली ओळ हातात दिली. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात, आरशात दिसावीत तशी. मी ती सरळ मजकुरापेक्षा जल्दी वाचते. वाचली, वर त्यातली एक वेलांटी चुकलीय तेही सांगितलं. तातेराव हसले आणि स्वतःची बसायची घडवंची मला दिली.

आता मुख्य गोष्ट. अप्पारावांशी बोलणं पक्कं झालं. शुक्रवारी छापखाना बंद असतो. त्या दिवशी खिळे माझे, मशीन माझं, उरलेसुरले कागद माझे. आईचं पुस्तक मी स्वतः जुळवून छापणार. तिने सांगितलं, मी लिहून घेतलं, चौसष्ट पानं होतील. आई उभं आयुष्य दुसऱ्याच्या रानात राबली. रोजगार हमीच्या हजेरीवरसुद्धा कारकुनाने तिला ‘कडूबाची बायको’ असंच लावलं आणि तिने त्यापुढे अंगठा दिला. जाताना तिने एकच मागितलं. माझं नाव एकडाव छापून येऊ दे, म्हणाली, शाईचं, बराबर.

२१ फेब्रुवारीला तिला जाऊन दोन वर्षं होतील. त्या दिवशी शंभर प्रती लोकांच्या हातात पडल्या पाहिजेत.

७ जानेवारी, गुरुवार

आज इथली एक रीत पाहिली. एका शाळेची पुस्तिका छापायला आली. अप्पाराव हात धुऊन आले, कोनाड्यातून लाल फडक्यात गुंडाळलेला लाकडी ठसा काढला आणि पहिली शाई त्याला लावली. एक कागद उठवला, पुस्तिकेच्या गठ्ठ्यावर ठेवला, मग काम सुरू. म्हणाले, आमच्या इथं पुस्तक आलं की आधी काकासाहेबांना दाखवायचं.

काकासाहेब म्हणजे अप्पारावांचे आजोबा, निजामाच्या काळातले लेखक. ठशावर तेच आहेत. खुर्चीत बसलेले, पागोटं, घोट्यापर्यंत काळा डगला, मांडीवर फळी, फळीवर कागद, हातात बोरू, नजर खाली. काम इतकं बारीक की मिशीचा केस न केस मोजावा. लाकडात असं कोरणं सोपं नाही. जे लाकूड उभं राहतं ते शाई घेतं आणि काळं उमटतं, जे कोरून काढलं ते पांढरं राहतं. म्हणजे डगला जवळजवळ अख्खा कोरायचा सोडलेला आणि कागद साफ कोरून काढलेला. कागदावर एक अक्षर नाही. मी चेष्टेने म्हटलं की लेखक महाशय अजून सुचण्याची वाट पाहताहेत. अप्पाराव हसले नाहीत.

ठशाच्या खाली कोऱ्या खिळ्यांच्या तीन ओळी दोऱ्याने करकचून बांधल्या आहेत. कोरे खिळे म्हणजे अक्षर नसलेले, ओळीतली मोकळी जागा भरायचे. चित्राखाली नाव असतं तिथे यांनी तीन ओळी मोकळ्या ठेवल्या आहेत. मी कारण विचारलं. काकासाहेबांच्या खाली नाव लावायचं न्हाई, बिलकुल न्हाई, इतकंच अप्पाराव म्हणाले.

१४ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. तातेरावांच्या घरून तिळाच्या वड्या आल्या. दुपारी काम नव्हतं म्हणून कपाटातला काकासाहेबांचा ग्रंथ काढला. तीनशे पानं, परगण्यातल्या गावागावांचा वृत्तांत. आमचं गाव सापडलं. तीर्थपुरीपासून दोन कोसांवर असं लिहून चार पानं दिली आहेत. पाटलांच्या सात पिढ्या. देवळाला घंटा कुणी वाहिली त्याचं नाव. पाटलांच्या घोडीचंसुद्धा नाव आहे, चंद्री. आणि शेवटी एक ओळ, ‘गावकुसाबाहेर वगैरे.’

बाकी काही नाही. आम्ही वगैरे.

तातेराव सांगत होते, लोक लांबून यायचे, आमचंबी नाव घाला म्हणायचे, आन् काकासाहेब मान वर न करता म्हणायचे, जागा न्हाई. मला दुपारभर राग आवरला नाही. घोडीला जागा होती.

१५ जानेवारी, शुक्रवार

आज एकटीच होते, तातेरावांनी किल्ली दिली होती. पुस्तकाचं मुखपृष्ठ घेतलं. आईचा फोटो नाही, एकही नाही. कधी कुणी काढलाच नाही. नुसती अक्षरं टाकली तर पान ओकंबोकं दिसेल. मग नजर कोनाड्याकडे गेली.

का नाही? लेखकाचं चित्र आहे, आणि हे पुस्तक सांगणारी लेखक नाही तर कोण आहे? दोरा सोडला, कोरे खिळे काढले आणि काकासाहेबांच्या खाली दोन ओळी लावल्या. वर मोठ्या टायपात आईचं नाव, ______. त्यातलं पहिलं अक्षर इतकं कमी लागणारं की त्याचा खिळा केसच्या, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीच्या, कोपऱ्यात धूळ खात पडला होता. खाली बारीक टायपात, ‘लिहून घेणार’ आणि माझं नाव.

एक प्रत उठवली. सुरेख. काकासाहेब आता आईच्या नावाच्या डोक्यावर बसलेत असं न वाटता, ती त्यांना खांद्यावर घेऊन उभी आहे असं वाटलं. मला फार हसू आलं. आई असती तर म्हणाली असती, वजन लागून राह्यलं गं, उतरव. प्रत या वहीत ठेवली आहे.

१६ जानेवारी, शनिवार

कालची प्रत पाहिली. वरची ओळ नाही. फिकी झाली असं नाही, तिथे कागद नुसता पांढरा आहे. खालची माझी ओळ जशीच्या तशी. शाई कमी पडली असेल. पण काल मी ती डोळ्यांनी वाचली होती.

आणखी एक. काकासाहेबांच्या मांडीवरच्या कागदावर एक ओळ आहे, बारीक रेघोट्यांची. आधी लक्षात आली नसेल. मी पहिल्या दिवशी नीट पाहिलं होतं, पण असेल.

२२ जानेवारी, शुक्रवार

आठ पानं जुळवून झाली. या आठ पानांत आईचं नाव नऊ वेळा येतं. प्रूफ काढलं तर नऊ ठिकाणी पांढरी जागा. फर्मा, म्हणजे चौकटीत आवळलेली जुळणी, उघडून बोट फिरवलं. त्या नऊ ठिकाणचे खिळे गुळगुळीत आहेत. शिसं तेच, उंची तीच, वर अक्षर नाही. शेजारचे शब्द धारदार, आणि मधे हे, चाटून साफ केल्यासारखे.

तेवढ्यात तातेराव विसरलेला डबा न्यायला आले. त्यांनी मुखपृष्ठाचा फर्मा पाहिला आणि डबा खाली ठेवला. मग त्यांनी मी कधी न ऐकलेलं सांगितलं. ठसा कोरणारा माणूस हैदराबादेहून आणला होता. दोन महिने राबला, आणि कारागिराच्या रिवाजाप्रमाणे चित्राच्या खाली बारीक आपलं नाव कोरलं. काकासाहेबांनी ते त्याच्याच हाताने खरवडून काढायला लावलं. तो रडला म्हणे. तेव्हापासून त्या जागी जे नाव लागतं ते राहत नाही. तातेराव नवीन असताना इथे खिळे जुळवणारा एक कंपोझिटर होता, त्याने थट्टेत आपलं लावलं होतं. त्याचं काय झालं विचारलं तर तातेराव म्हणाले, माणूस धडधाकट होता, निघून गेला. पण त्याला काय म्हणायचो ते मला सांगता यीना झालंय, पोरी. पाच वर्सं आम्ही एका डब्यात जेवलो.

मी ठसा उजेडात धरून पाहिला. चित्राच्या खालच्या कडेला खरंच लाकूड ओरबाडलेलं आहे. दोन्ही ओळी काढल्या, कोरे खिळे परत लावले, दोरा बांधला. तातेरावांना बरं वाटावं म्हणून. मला स्वतःला यातलं काही पटलेलं नाही.

२५ जानेवारी, सोमवार

आईच्या सात वह्या उघडल्या.

माझ्या हाताने लिहिलेलं. निळी शाई, सहा वर्षांपूर्वीची. जिथे जिथे तिने स्वतःचं नाव सांगितलं होतं तिथे कोरी जागा. खोडलेलं नाही, पुसलेलं नाही, खाली उमटही नाही. पान उजेडासमोर धरलं. कागद तिथे नवा आहे.

मग ही वही. पहिल्या पानावर, आणि १५ तारखेला. दोन्ही ठिकाणी गेलंय.

मला भीती वाटली, ती इथे सरळ लिहून ठेवते. पण भीतीपेक्षा संताप जास्त आहे. हजेरीवर नाही, सातबाऱ्यावर असायचा प्रश्नच नाही, ग्रंथात वगैरे, आणि आता माझ्या वह्यांतूनही? मेलेल्या माणसाने खुर्चीत बसून अजून जागा न्हाई म्हणावं आणि मी मान हलवावी, असं होणार नाही. खिळे नवे घालीन. पुन्हा जुळवीन.

२९ जानेवारी, शुक्रवार

पुन्हा जुळवलं, नवे खिळे. एक प्रत निघाली नावासकट, आणि हातात धरलेली असतानाच ते गेलं. जाताना आवाज नाही, काही नाही. शाई आत ओढल्यासारखी कागदात गेली.

मग ठशाची प्रत उठवली आणि भिंगाखाली धरली. मांडीवरचा कागद आता अर्ध्याहून जास्त भरला आहे. नावं आहेत, एकाखाली एक. प्रत्येक नाव वाचता येतं, पण पुढच्यावर नजर गेली की मागचं डोक्यात उरत नाही. शेवटचं नाव मोठं आहे. ते मी वाचलं, रडले, आणि का रडले ते वर पाहीपर्यंत विसरले.

काकासाहेबांची हनुवटी वर आली आहे. पहिल्या दिवशी ती डगल्याच्या गळ्याला टेकली होती. ७ तारखेच्या शाळेच्या प्रतीशी ताडून पाहिलं. लाकूड आहे ते. लाकूड हलत नाही.

२ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी चूल पेटवताना आईला हाक मारायची सवय आहे मला, मनातल्या मनात, नावाने. मी लहान असल्यापासून ती चिडायची त्यावरून.

हाक आली नाही.

बसून राहिले. आईचा चेहरा आहे. हातावरचे घट्टे, विडीचा वास, खोकला, सगळं आहे. नाव नाही. द्वारकाबाईंना विचारलं, मी तुम्हाला सांगितलं होतं ना. त्या म्हणाल्या, रोज आईआई करती, नाव कुठं सांगितलं तू. सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं.

अप्पारावांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांना सगळं माहीत होतं. म्हणाले, पुस्तक सोडून दे, नोकरी कर, आम्हीबी असंच करून राह्यलो इतके दिवस. आईवर प्रेम करायला नाव कशाला लागतं? मी म्हटलं, मग आजोबांचं पुसून बघा. ते म्हणाले की ठसा माझा, मशीन माझं, तुझा शुक्रवार बंद.

५ फेब्रुवारी, शुक्रवार. तीर्थपुरी

पहाटेच्या गाडीने कौसल्यामावशीकडे आले. सख्खी मावशी नव्हे, आईची मैत्रीण, एकाच वस्तीतली, एकाच मुकादमाखाली राबलेली. नातेवाइकांत विचारून झालं, कुणालाच येत नाही. मावशीलाही आलं नाही. म्हणाली, चाळीस वर्सं संगं खुरपलं गं आम्ही. मी तिला काय म्हणत व्हते?

मग ती कपाळाला हात लावायला गेली आणि पदर सरकला. डाव्या हातावर, कोपराच्या खाली, गोंदण.

दोघी पोरी असताना इथल्या जत्रेत गोंदवून घेतलं होतं, हिचं तिच्या हातावर, तिचं हिच्या हातावर. दोघींना वाचता येत नव्हतं. नवऱ्याचं नाव गोंदवायचं सोडून एकमेकीचं गोंदवलं म्हणून दोघींनी मार खाल्ला होता. मावशीने हात पुढे केला. म्हणाली, मला तर कधी वाचता आलं न्हाई, तू वाच, हे काय लिव्हलंय?

वाचलं. मोठ्याने वाचलं. मावशीच्या डोळ्यांतून पाणी आलं, ती म्हणाली, हां, तीच. तीच गं. वहीत लिहायला घेतलं: ______. लिहिता लिहिताच गेलं. पण हातावरचं जात नाही. पुन्हा पुन्हा पाहिलं. तिथेच आहे, हिरवं, जुनं, कातडीत टोचलेलं.

घोकत निघाले. अंबडपर्यंत तोंडात होतं. जालन्यात उतरले तेव्हा ओठ हलत होते आणि शब्द नव्हता.

६ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर शाळेच्या पुस्तिकेचे खिळे परत केसमध्ये टाकत होते. हाताला काम असलं की डोकं चालतं.

लिहिलेलं तो, ठशातला काकासाहेब, घेतो. टोचलेलं घेत नाही. का?

शाई वर बसते. ती उचलली की खाली कोरं. एवढंच त्याला येतं, कोरं करणं. गोंदण वर बसलेलं नाही. आत आहे.

तर मग नाव कोऱ्याचंच केलं तर? शाईचं नकोच. खोदायचं. जे खोदलं ते पांढरं येतं. कोऱ्यातून तो काय पुसणार आहे?

त्याच्या मांडीवरच्या कागदावर खोदता येणार नाही, तो आधीच कोरून काढलेला, तिथे लाकूडच नाही. पण डगला आहे. काळाभोर डगला, गळ्यापासून घोट्यापर्यंत. भरपूर जागा आहे.

१० फेब्रुवारी, बुधवार

मावशीला निरोप धाडला, ये म्हणून. तातेरावांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मला भ्या वाटतं. मग म्हणाले, असं कुणाच्या हातावर गोंदलेलं असतं तर माझ्या दोस्ताचंबी नाव राहिलं असतं. किल्ली दिली. जुन्या ठशांची डागडुजी करायच्या कोरण्या दिल्या, तीन, धार लावून.

आज उठवलेल्या प्रतीत तो समोर बघतो आहे. डोळे अजून अर्धे मिटलेले.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपार

दार आतून लावलंय. मावशी घडवंचीवर, हात फर्मे आवळायच्या दगडावर टाकून. तातेराव मशीनपाशी. बाहेर ऊन, लोणच्यावाल्याची हाक, सगळं नेहमीचं. ठसा माझ्यासमोर.

एकेक अक्षर मावशीच्या हातावर पाहायचं आणि उलटं करून लाकडात. दहा वर्षं उलटीच अक्षरं हाताळली, त्याचा आज उपयोग. संपूर्ण नाव डोक्यात धरायचंच नाही. एक फाटा, एक गाठ, एक उकार. डोक्यातून तो काढून नेईल, हातातून कसा नेणार?

पहिलं अक्षर झालं. लाकूड फार कठीण, ताशी नखाएवढं निघतं. कोरणी दोनदा घसरली, अंगठा कापला. रक्त पुसलं, त्याला एक थेंबसुद्धा द्यायचा नाही.

अंगठ्याला चिंधी बांधायला थांबले, तेवढ्यात लिहिते आहे. ठसा गरम लागतोय. आतून काहीतरी खरडल्यासारखं येतं, बोरूचा आवाज. मावशीला ऐकू येत नाही. तातेरावांना येतो, ते भिंतीकडे तोंड करून उभे आहेत, पण गेलेले नाहीत.

मावशी म्हणते, हात सुन्न झाला तरी न्हाई काढणार, तू खोद.

खोदते.

तीच दुपार, चार वाजता

झालं. तातेरावांनी शाई दिली, पाय मारला. पहिली प्रत.

डगल्याच्या छातीवर पांढऱ्या ठळक अक्षरांत झुंबर.

झुंबर. झुंबरबाई. माझ्या आईचं नाव झुंबरबाई. इथे वहीत शाईने लिहिलं आणि राहिलं. मागच्या पानांवरचं परत आलं नाही, ती कोरीच आहेत, असू देत. हे राहिलं. दहा मिनिटं बघत बसलो तिघं. मावशी अक्षरांवरून बोट फिरवत होती, उलट्या दिशेने, शाई लागली तिच्या बोटाला. झुंबरे, म्हणाली, छापून आली गं बये.

मी हुंदके देऊन रडले आणि मला त्याची लाज नाही.

शंभर प्रती. आता एक एक मुखपृष्ठ छापतोय. पुसायचं तर त्याला स्वतःचा डगला काढावा लागेल.

पाच वाजता

साठ झाल्या. तातेराव मला ओ बाई म्हणून हाक मारतात, रोज नावाने मारतात. विचारलं तर गोंधळले.

साठाव्या प्रतीत डोळे पूर्ण उघडे. मांडीवरच्या कागदावर शेवटची एक ओळ राहिली होती, ती आता निम्मी भरली आहे. पहिल्या प्रतीत ती कोरी होती.

खालची ओळ. १५ तारखेला मी मुखपृष्ठावर दोन ओळी लावल्या होत्या, ती प्रत वहीतून काढली. ‘लिहून घेणार’, आणि त्यापुढे —

वहीचं पहिलं पान उघडलं. ही वही, मग कोरं, मग हिची.

साडेपाच

मावशीला विचारलं माझं नाव. तिलाही येत नाही. मीही आठवून पाहिलं. रोज सही करते ते. नाही —

भीती वाटते. फार वाटते. पण नव्वद झाल्या, दहा उरल्या, आणि तातेरावांचा पाय थांबलेला नाही. अप्पाराव दार वाजवताहेत. वाजवू देत.

डगल्याची उजवी बाही अजून काळी आहे. जागा आहे. कोरणीला धार आहे. माझंही खोदीन. पण काय खोदू — माझं कुणी कुठं गोंदलेलं नाही —

मावशी

मावशी म्हणते, अगं त्यात काय इचार करायचा. मी कुणाला विचारलं तुझं नाव कधी? वस्तीत तुला सगळे काय म्हणायचे ते खोद. झुंबरची लेक. त्याच्या बापाला न्हाई यायचं पुसायला, झुंबरचं नाव पुसल्याबगर

बरोबर. बरोबर आहे. पहिला शब्द तर आधीच त्याच्या छातीवर बसलाय. तातेरावांनी ठसा मशीनमधून काढून माझ्यासमोर ठेवला

बोरूचा आवाज जवळ. शाई अडखळते आहे, पेन कोरडं — लिहिते आणि खोदते, दोन्ही, डाव्या हाताने वही — बघ, बघ माझ्याकडे, मान वर केलीस ना, पहिल्यांदाच कुणासाठी तरी केलीस, आता वाच. जागा आहे. मी केली आहे. वाच

झुंबरची ले